एम-६५ घातलं तरी थंडी का वाजते? अमेरिकी फील्ड जॅकेटवरचा धागा

उभा_आडवा

कपड्यांच्या कुठल्याही धाग्यावर एक तक्रार हटकून येते: एवढे पैसे मोजून एम-६५ घेतलं आणि मनालीत कुडकुडायची वेळ आली. दोष जॅकेटचा नाही. फील्ड जॅकेट, म्हणजे मैदानावर घालायचं फौजी जॅकेट, हे वारा अडवणारं टरफल आहे. ऊब धरायची ती आतल्या थरांनी. एवढं ध्यानात घेतलं की त्याचा सैल बेत, कमरेची नाडी, आतल्या बाजूची ती बिनकामाची वाटणारी बटणं, सगळ्याचा उलगडा होतो. म्हणून हा धागा.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकी सैनिक रणांगणातही लोकरी कोट घालत असे. तो दिसायला रुबाबदार, पण त्यात रांगताना, खणताना हात अडकायचे. मेजर जनरल जेम्स पार्सन्स यांच्या पुढाकाराने त्याजागी कमरेपर्यंतचं आखूड जॅकेट आलं. आज संग्राहक त्याला एम-४१ म्हणतात. फौजेच्या कागदावर ते नुसतं ‘फील्ड जॅकेट, ओडी’ होतं (ओडी म्हणजे ऑलिव्ह ड्रॅब, मळकट हिरवट रंग). बाहेरून सुती पॉपलिन, आतून लोकरी फ्लॅनेल, पुढे चेन आणि चेनीवर बटणपट्टी, दोन तिरके खिसे. रंग इतका फिका की मातीवर, झाडीत उठून दिसायचा. पॉपलिन पातळ, त्यामुळे कफ आणि कॉलर लवकर विरायचे. वाकलं की कंबर उघडी. आणि माझ्या मते सगळ्यात मोठी खोट म्हणजे अस्तर कायमचं शिवलेलं. उकडलं तर काढता येत नाही, गारठलं तर वाढवता येत नाही.

एम-४३ने हा प्रश्न मुळातून सोडवला. मांडीपर्यंत लांबी, गडद हिरवा ओडी-७ रंग, घट्ट विणीचं सुती सॅटीन, झाकलेली बटणपट्टी, चार मोठे खिसे, कमरेला आतून नाडी, वेगळी जोडायची टोपी. अस्तर पातळ. ऊब हवी तर आत लोकरी शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर केसाळ पाइलचं वेगळं जॅकेट. जसा गारठा, तसे थर. आधी छत्रीधारी सैनिकाला एक जॅकेट, थंडीत दुसरं, गाडीवाल्याला तिसरं असा पसारा होता. तो एका जॅकेटात बसवायचा हा बेत होता.

पुढे एम-५०मध्ये आतलं अस्तर अडकवायला बटणं आली. एम-५१मध्ये पुढे चेन आणि खिशांना टिचबटणं आली, रंग ओजी-१०७ झाला. मग १९६५चं एम-६५: उभी कॉलर, कॉलरीत घडी घालून ठेवलेली टोपी, कफाला वेल्क्रो. लोक एम-६५ला डोक्यावर घेतात. माझं मत स्पष्ट आहे: खरा शोध एम-४३चा, बाकी सगळ्या दुरुस्त्या.

---

टिचबटण

इतिहास बरोबर, निकाल चुकीचा. एम-४३च्या कॉलरीतून वारा सरळ गळ्यात शिरतो, कारण ती शर्टासारखी मुडपलेली आहे. एम-६५ची कॉलर उभी राहते, चेन हनुवटीपर्यंत जाते, वर वेल्क्रोची पट्टी. एम-४३ची टोपी वेगळी, म्हणजे हरवायची. इथे ती कॉलरीतच, म्हणजे पावसाची सर आली की मागची चेन उघडून दहा सेकंदांत डोक्यावर.

कापडही बदललं. एम-५१ निव्वळ सुती सॅटीन. एम-६५ निम्मं सूत आणि निम्मं नायलॉन, त्याला नायको म्हणतात. घासटणं जास्त सोसतं, ओलं झालं तर लवकर वाळतं. खांद्यामागे दोन खोल चुण्या आहेत, हात पुढे ताणले की त्या उघडतात. कफातून एक त्रिकोणी पाळ निघते, ती उलटवली की हाताची पाठ झाकते. इतक्या गोष्टींना ‘दुरुस्त्या’ म्हणून निकालात काढू नका.

---

उभा_आडवा

@टिचबटण, कॉलरीचा मुद्दा मान्य. पण वेल्क्रोचं कौतुक जपून करा. शांततेत कफ सोडला की जो फर्रकन आवाज होतो, तो पन्नास पावलांवर जातो. शिवाय त्या आकड्यांत लोकर, केस, गवताची कुसळं अडकून ती आंधळी होतात. बटण तुटलं तर एक बटण जातं, आणि ते टाचायला सुई-दोरा पुरतो.

---

गोदामकर

एम-४३मागचं भांडण मूळ पोस्टीत यायला हवं होतं. वॉशिंग्टनला क्वार्टरमास्टर जनरलच्या (फौजेच्या पुरवठा खात्याच्या प्रमुखाच्या) कचेरीत लष्करी नियोजन विभागाचे प्रमुख होते जॉर्ज डोरिओ. जन्माने फ्रेंच, पेशाने हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक. थरांच्या कल्पनेला त्यांच्या विभागाने बळ दिलं. युरोपातले मुख्य क्वार्टरमास्टर रॉबर्ट लिटलजॉन यांचा कल मात्र ब्रिटिश बॅटलड्रेसच्या धर्तीच्या आखूड लोकरी जॅकेटाकडे. तेच पुढे ‘आइक जॅकेट’ म्हणून गाजलं. त्याचं अधिकृत नावही ‘फील्ड जॅकेट, लोकरी, एम-१९४४’ असंच आहे! बेत असा होता की लोकरी आत आणि एम-४३ बाहेर. प्रत्यक्षात सैनिकांनी ते अंगाबरोबर आवळून घेतलं आणि सुट्टीत मिरवायला ठेवलं. आवळल्यावर आत थर कुठला बसायला!

१९४४च्या सुरुवातीला इटलीत अँझिओला तिसऱ्या पायदळ डिव्हिजनने एम-४३ची चाचणी घेतली. त्याच सप्टेंबरात हॉलंडमधल्या मार्केट गार्डन मोहिमेत ८२व्या आणि १०१व्या हवाई डिव्हिजनच्या अंगावर ते दिसतं. पायदळातल्या कित्येकांना मात्र १९४४-४५चा हिवाळा जुन्याच कपड्यांवर काढावा लागला.

अवांतर: हेच डोरिओ युद्धानंतर १९४६मध्ये अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही व्हेंचर कॅपिटल कंपनी काढणाऱ्यांत होते. १९५७मध्ये त्या कंपनीने ७०,००० डॉलर लावून डिजिटल इक्विपमेंट ही कॉम्प्युटर कंपनी उभी करायला मदत केली. जॅकेट आणि मिनी-कॉम्प्युटर, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर!

---

सुती_माणूस

घट्ट विणीचं सॅटीन म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे सॅटीन म्हटलं की चकचकीत परकर डोळ्यांपुढे येतो.

---

उभा_आडवा

सॅटीन ही वीण आहे, चमक तिच्या मागून येते. साध्या विणीत बाण्याचा प्रत्येक धागा ताण्याच्या एका धाग्यावरून, एकाखालून जातो. सॅटीनमध्ये तो चार धागे ओलांडून मग एकदा खाली बुडी मारतो. बुड्या कमी, म्हणून धागे एकमेकांना खेटून बसवता येतात, एका इंचात जास्त धागे मावतात आणि वाऱ्याला फट उरत नाही. फील्ड जॅकेटचं सॅटीन साधारण ९ औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास. चांगल्या जीन्सपेक्षा हलकं, शर्टाच्या कापडाच्या दुपटीहून जड.

तोटाही विणीतच आहे. वर तरंगणारे लांब धागे आधी घासले जातात. म्हणून जुन्या जॅकेटाची कॉलरीची घडी, खिशाच्या झडपेची कड आणि कोपर आधी पांढुरके दिसतात. ओजी-१०७ धुऊन धुऊन राखाडीकडे झुकतो, पण शिवणीच्या पोटात मूळ रंग शिल्लक असतो. खिशाची झडप उचलून आत पाहा, नव्याचा रंग कसा होता ते कळेल.

---

हॅव्हरसॅक

ओजी-१०७ हे जॅकेटचं नाव नाही ना? विकणारे सर्रास तसं लिहितात.

---

टिचबटण

नाही. तो रंगाचा क्रमांक आहे, ऑलिव्ह ग्रीन १०७. त्याच रंगाच्या सुती शर्ट-पँटच्या जोडीलाही लोक ओजी-१०७ म्हणतात, म्हणून गोंधळ. १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमात गायक जॉन लेननच्या अंगात होता तो शर्ट, जॅकेट नव्हे. ‘लेनन जॅकेट’ म्हणून कुणी एम-६५ गळ्यात मारत असेल तर सावध.

दुसरी थाप म्हणजे ‘व्हिएतनाम जॅकेट’. व्हिएतनामच्या उकाड्यात सैनिक घालायचे ते पातळ पॉपलिनचे, नंतर रिपस्टॉपचे (फाट पसरू नये म्हणून जाड धाग्यांच्या चौकटीत विणलेल्या कापडाचे), तिरक्या खिशांचे जंगल शर्ट. एम-६५ तिथे वापरलं गेलं ते मुख्यतः मध्य पठाराच्या गार रात्रींत. बाकी ते जर्मनी, कोरिया आणि अमेरिकेतल्या छावण्यांचं जॅकेट. व्हिएतनामशी त्याचं नाव जोडलं गेलं ते परतलेल्या सैनिकांमुळे.

---

आडवाटेवर

उंची ५ फूट ५ इंच, छाती ३८. मीडियम रेग्युलर घ्यावं का? एका दुकानदाराने ‘मीडियम म्हणजे मीडियम’ एवढंच सांगितलं.

---

गोदामकर

घेऊ नका. फौजी मापात दोन भाग असतात, छाती आणि उंची. छातीची मापं अशी: स्मॉल ३३ ते ३७ इंच, मीडियम ३७ ते ४१, लार्ज ४१ ते ४५. उंचीसाठी शॉर्ट ६३ ते ६७ इंच, रेग्युलर ६७ ते ७१, लाँग ७१ ते ७५. ही मापं अंगाची आहेत, जॅकेटाची नाहीत. आत स्वेटर आणि गादीचं अस्तर मावेल इतकी जागा मापात आधीच सोडलेली असते, त्यामुळे आपण आणखी एक माप वाढवायचं कारण नाही.

तुमची उंची ६५ इंच, म्हणजे शॉर्ट. हा मुद्दा आपल्याकडच्या लोकांना फार लागू पडतो. रेग्युलर घेतलं की कमरेची नाडी कुल्ल्यांवर येते, खालचे खिसे मांडीवर लोंबतात आणि बाही बोटांपर्यंत जाते. मग शिंपी बाही कापतो आणि कफाची वेल्क्रो-पाळ सगळी वाया जाते. अस्तर लावून घालणार असाल तर मीडियम शॉर्ट. पुण्या-नाशकाच्या थंडीत शर्टावर नुसतं टरफल घालायचं असेल तर स्मॉल शॉर्ट घालून पाहा. ३८ छातीला ते अंगासरशी बसतं, मात्र अस्तर मावणार नाही.

---

खाकी_कपाट

लेबल कसं वाचायचं तेही इथेच लिहितो, कारण फसवणूक बहुतेक तिथेच होते.

अस्सल जॅकेटवर कंत्राटाचा क्रमांक असतो. तो ‘डीएसए १००’ने (डीएसए हे फौजेच्या पुरवठा खात्याचं लघुरूप) सुरू झाला तर पुढचे दोन आकडे आर्थिक वर्षाचे: डीएसए १००-७१-सी म्हणजे १९७१चं कंत्राट. १९७७पासून खात्याचं नाव बदललं, म्हणून तिथून पुढे ‘डीएलए’. लक्षात घ्या, हे कंत्राटाचं वर्ष, शिवण्याचं नव्हे. तेव्हाचं अमेरिकी आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू व्हायचं (१९७६मध्ये ते ऑक्टोबरवर गेलं). म्हणून ७१चं कंत्राट १९७०च्या उत्तरार्धातलंही असू शकतं, आणि माल त्यानंतर केव्हाही.

साठा क्रमांक ८४१५ने सुरू होतो. एकूण ११ अंकी असेल तर १९७४च्या आधीची पद्धत, १३ अंकी असेल तर नंतरची. आणि लेबलवर ‘जॅकेट’ शब्द शोधू नका. एम-६५चं सरकारी नाव ‘कोट’ आहे, जगाने त्याला जॅकेट केलं.

आता अंगावरच्या खुणा. अगदी सुरुवातीच्या एम-६५ला खांद्यावर पट्ट्या नाहीत. त्यानंतर पट्ट्या आल्या, चेन अॅल्युमिनियमची. पुढे पितळी चेन. ‘१९६६चं’ म्हणून कुणी पट्ट्या आणि पितळी चेन असलेलं दाखवलं तर लेबल पुन्हा वाचा. चेन बदललेली असू शकते किंवा गोष्ट रचलेली.

डाव्या खांद्यावरचं चिन्ह सैनिक तेव्हा ज्या तुकडीत होता तिचं. उजव्या खांद्यावरचं, आधी ज्या तुकडीबरोबर युद्धकाळात होता तिचं. दोन्ही उलटीसुलटी लावलेली असतील तर ती विकणाऱ्यानेच चिकटवलीत. जुनं चिन्ह काढलेलं असेल तर तिथे मूळ रंगाचा गडद ठसा राहतो, कडेने सुईची भोकं दिसतात. ठसा नाही, भोकं नाहीत आणि चिन्ह मात्र ‘पन्नास वर्षांपूर्वीचं’, असं होत नाही.

बाजारी नक्कल ओळखायची तर कॉलरीची चेन उघडा. बऱ्याच नकलांत आत काहीच नसतं, चेन नुसती शोभेची. शिवणीच्या पोटातून एक धागा ओढून काडीपेटीने जाळून पाहा. नायको जळताना कागदासारखा वास येतो, राख पडते आणि सोबत एक कडक मणीही उरतो. नुसताच काळा मणी उरला तर ते निव्वळ कृत्रिम धाग्याचं कापड. अल्फा इंडस्ट्रीज (१९५९, नॉक्सव्हिल) ही खरोखरची फौजी कंत्राटदार, पण तिचा दुकानी मालही आहे. त्यावर कंपनीचं नाव ठळक, कंत्राट क्रमांक नाही. तो वाईट नाही, फक्त फौजी नाही.

---

हॅव्हरसॅक

हे सगळं मान्य, पण युद्ध संपलं, फौजेत गोअर-टेक्सचे (पाणी आत न येऊ देणाऱ्या कापडाचे) कोट आले, तरी लोक हेच का घालतात? माझ्या मते आधी स्वस्ताई. युद्धं संपली की ढिगाने माल लिलावात निघायचा, आर्मी-नेव्ही दुकानांत विद्यार्थी, मजूर, मच्छीमार तो उचलायचे. मग एप्रिल १९७१मध्ये वॉशिंग्टनला युद्धविरोधी माजी सैनिकांनी फौजी कपड्यांतच कॅपिटॉलच्या (अमेरिकी संसदेच्या) पायऱ्यांसमोर पदकं फेकली. सरकारने दिलेला कपडा सरकारच्या विरोधात! त्या दिवसापासून हिरव्या जॅकेटाला दोन अर्थ आले आणि दोन्ही टिकले.

ब्रिटनमध्ये मॉड म्हणवणाऱ्या, सुटाबुटात स्कूटरवर फिरणाऱ्या पोरांनी एम-५१ पार्का (टोपीचा लांब फौजी कोट) उचलली. ती वेगळी वस्तू आहे, फील्ड जॅकेट नव्हे. लांब, मागे माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली, दोन्ही टोकं मांड्यांना बांधता यावीत म्हणून. स्कूटरवर सुटाला चिखल लागू नये म्हणून त्यांनी ती घातली. आपल्याकडे बजाजने आकुर्डीत व्हेस्पा बनवली, पण पार्का काही आली नाही. पुण्याच्या उन्हात ती घालून सिग्नलला उभं राहणं म्हणजे शिक्षाच!

---

उभा_आडवा

स्वस्ताईने विकत घेतलं जातं, टिकतं ते बेतामुळे. खिसे हात पडतो तिथे, कापड सोसणारं, आणि माप दोन दिशांनी दिलेलं. जपानच्या टोयो एंटरप्राइझने बझ रिक्सन्स या नावाने जुनी फौजी जॅकेटं धाग्यापासून चेनीपर्यंत हुबेहूब काढली. तिथे तर स्वस्ताई नावालाही नाही, तरी खपतात.

---

सुती_माणूस

एम-६५ची पितळी चेन. रनर वर सरकतो, पण मागचे दात पुन्हा उघडतात. शिंपी म्हणतो पूर्ण चेन बदला. खरंच बदलावी लागते का?

---

काजकाम

आधी दात पाहा. दात शाबूत आणि रांगेत असतील तर दोष रनरचा. वर्षानुवर्षं ओढून त्याचे दोन ओठ किंचित फाकतात आणि दात एकमेकांत दाबले जात नाहीत. रनर अगदी खाली आणा. बारीक पक्कड घ्या, रनरची मागची बाजू (चेन बंद करताना जी जमिनीकडे असते ती) एका कडेला हलकेच दाबा, मग दुसऱ्या कडेला तेवढंच. केसभर. चालवून पाहा, लागलं तर आणखी केसभर. जोर लावला तर रनर दातांवर आवळतो आणि मग हलतच नाही. रनर पितळी असेल तर वाकतो. जस्ताचा ओतीव असेल तर कडकन तुटतो, त्याला पक्कड लावू नका, रनरच बदला.

जड चालत असेल तर मेणबत्ती घासा. तेल नको, ते कापडात उतरतं आणि धूळ धरतं. अॅल्युमिनियमच्या चेनीवर पांढरी भुकटी येते. ती जुन्या टूथब्रशने कोरडीच झाडा, मग पेन्सिलीचं शिसं फिरवा. पितळ कळकलं असेल तर कापसाच्या बोळ्याला चिंचेचं पाणी लावून फक्त धातूला पुसा, लगेच साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. चिंच कापडावर राहिली तर डाग पडतो.

दात गळले असतील किंवा खालची खुंटी तुटली असेल तर मात्र बदलच. शिंपी हमखास दोन चुका करतात. एक, पँटीच्या चेनीच्या जातीची बारीक नायलॉन चेन लावतात. या कापडाचं वजन तिला पेलत नाही, खालच्या खुंटीपाशी आधी उसवते. ८ किंवा १० नंबरची, खालून सुटणारी धातूची चेन मागा. लांबी जुन्या चेनीच्या दातांवरून मोजा, पट्टीच्या टोकापासून नको. दोन, जुनी चेन एका दमात अख्खी उसवतात. मग कापड ताणलं जातं आणि नवी बसवताना डावी-उजवी बाजू वर-खाली होते, कॉलर जुळत नाही. उसवण्याआधी दोन्ही बाजूंना दर १० सेंटिमीटरवर खडूची समोरासमोर खूण करा. एक बाजू आधी पूर्ण करा. कच्च्या टाक्याने टाचा, चेन लावून पाहा, कॉलर जुळली की मगच मशीन. सुई १०० नंबरची, पॉलिएस्टर दोरा, टाका ३ मिलिमीटरचा. बारीक टाका घातला तर कापडाला तिकिटासारखी भोकांची रेघ पडते आणि ते तिथेच फाटतं. जुन्या शिवणीच्याच भोकांवरून टीप न्या.

टिचबटण उपटलं असेल तर नवं तसंच ठोकू नका. कापडाचं भोक मोठं झालेलं असतं. आतून रुपयाएवढं जाड सुती ठिगळ लावा, चौकटीसारखी टीप मारा, मग ठोका. उघडताना झडप ओढण्याऐवजी बटणाच्या मुळाशी अंगठा घालून उघडलं तर ही वेळच येत नाही.

खालच्या खिशांचंही सांगून ठेवतो. वरचे खिसे बाहेरून लावलेले, पण खालचे आतून लोंबते आहेत. त्यात पॉवर बँक, पाण्याची बाटली कोंबली की सगळा भार तोंडाच्या दोन कोपऱ्यांवर येतो. तिथली आडवी पक्की टीप सुटायला लागली की लगेच मारून घ्या. नंतर कापडच फाटतं.

---

कोकणकडा

पावसाळ्यात चालेल का? ताम्हिणी, भीमाशंकर वगैरे.

---

टिचबटण

नाही. नवं असताना पाणी झटकणारा लेप असतो, तो धुण्यात जातो. रिमझिमीत थोडा वेळ निभावेल, पण सह्याद्रीच्या पावसात स्पंजासारखं भिजतं आणि अंगावर दोन किलो ओझं होतं. कॉलरीतली टोपीही एकपदरी, बिनअस्तराची. वर साधा पोंचो घ्या. उलट हिवाळ्यात कळसूबाईच्या माथ्यावर जो वारा लागतो, त्याला हे जॅकेट आणि आत एक स्वेटर याहून चांगली जोडी नाही.

---

काजकाम

पावसाळ्यात प्रश्न घालण्यापेक्षा ठेवण्याचा आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं की आतल्या दमटपणाने बुरशी धरते, विशेषतः कॉलरीत घडी घातलेल्या टोपीला, कारण तिथे कुणी बघतच नाही. जूनच्या आधी धुऊन, टोपी बाहेर काढून कडक वाळवा आणि सुती पिशवीत ठेवा. डांबराच्या गोळ्यांची गरज नाही, टरफलात लोकर नाही. एम-५१चं जुनं लोकरी अस्तर असेल तर मात्र कसर लागते, ते वेगळं ठेवा.

धुताना अस्तर काढा, चेन लावा, वेल्क्रो बंद करा, उलटं करा. गार पाणी, साधी पावडर. ब्लीच नको, खळ नको. खळीने घडी कडक होते आणि सॅटीनचे वरचे धागे तिथेच तुटतात. दगडावर आपटणं तर बिलकुल नको, टिचबटणांची चेपलेली वाटी पुन्हा बसत नाही. इस्त्री वेल्क्रोवरून फिरली की आकडे वितळतात.

---

सुती_माणूस

फिकं पडलेलं घरी रंगवता येईल?

---

उभा_आडवा

सुती एम-५१ असेल तर सुताला चालणारा कुठलाही रंग चढेल. एम-६५ निम्मं नायलॉन, त्यावर सुताचा रंग फक्त सुतावर चढतो आणि कापड चट्टेपट्टे नाही तरी मिरी-मिठासारखं दिसतं. नायलॉनला आम्लात चढणारा रंग लागतो, म्हणजे दोन वेगळ्या आंघोळी. शिलाईचा दोरा पॉलिएस्टर असेल तर तो कशालाच दाद देत नाही. काळं केलेल्या जॅकेटावर हिरव्या टिपा उठून दिसतात. फौजी लेबल असलेलं जॅकेट रंगवू नका, लेबलवरची शाईही जाते.

---

आडवाटेवर

कायद्याचं काय? हिरवं जॅकेट घातलं म्हणून अडवतात का?

---

खाकी_कपाट

भारतीय न्याय संहितेचं कलम १६८: सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूने सैनिकाचा गणवेश किंवा तसा दिसणारा पोशाख घालणं किंवा तशी खूण बाळगणं हा गुन्हा. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुद्दा हेतूचा. साधं ओजी-१०७, अमेरिकी चिन्हांसह किंवा शिवाय, त्यात बसत नाही. भारतीय लष्कराचा १५ जानेवारी २०२२ला दाखवलेला नवा ठिपकेदार नमुना मात्र टाळाच. त्या नमुन्याचे हक्क लष्कराने नोंदवलेत, आणि छावणीच्या गावात तो घालून फिरणं म्हणजे उगाच चौकशी ओढवून घेणं.

मागवण्याबद्दल: परदेशातून जुना कपडा टपालाने मागवला तर कस्टममध्ये अडकू शकतो. वापरलेल्या कपड्यांची आयात (६३०९ क्रमांकाखाली) प्रतिबंधित यादीत आहे, परवाना लागतो. अमेरिकेतून कुणी नातेवाईक येणार असतील तर त्यांनी अंगावर घालून आणणं सगळ्यात सोपं.

---

कोकणकडा

शेवटचं. एम-६५चं टरफल आहे, अस्तर वेगळं मिळालं. कुठे अडकवायचं? माझ्याकडच्या जोडीत काजं आणि बटणं जुळत नाहीत.

---

गोदामकर

अस्तराच्या काठाला काजं, जॅकेटच्या आत बटणं. बाहेरून-आतून रिपस्टॉप नायलॉन, मधे पॉलिएस्टरचा भरणा, नागमोडी टीप: हे एम-६५चं. केसाळ, जड, लोकरी असेल तर ते एम-५१चं. जुळत नसेल तर आधी दोन्हींचं माप पाहा. मीडियमच्या टरफलात लार्जचं अस्तर घातलं की पुढे फुगा येतो आणि खालची काजं दोन बोटं खाली जातात. माप एकच असेल तर बटणं हलवा, काजं नाही. मानेच्या मधल्या बटणापासून सुरुवात करा, तिथून दोन्हीकडे खाली या. बटण फक्त आतल्या पदरातून टाचा, बाहेरच्या सॅटीनमधून सुई काढू नका, नाहीतर टाका पुढून दिसतो आणि वाराही त्याच भोकातून येतो. बाही घालताना अस्तराची बाही आधी आत ओढून घ्या. ती मुठीत धरून हात घातला नाही तर कोपरापाशी गोळा होते.

---

कोकणकडा

लेबल पाहिलं. टरफल स्मॉल, अस्तर मीडियम. धन्यवाद, अस्तर बदलून घेतो.